राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान की दोन्ही?

बारावी आर्ट्सनंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गात राज्यशास्त्र घेताना फारशी अडचण येत नाही. विषय बऱ्याच ठिकाणी मिळतो आणि घरीही ‘एमपीएससी करतोय’ म्हटलं की खपून जातं. तत्त्वज्ञान मात्र सगळीकडे मिळत नाही, आणि मिळालं तरी मालवणची आत्या विचारणारच, ‘ह्या शिकान करतलस काय?’

दोन्हींतला फरक बघायचा तर महाडचं चवदार तळं घ्या. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं, तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी पालिकेने आपला ठराव मागेही घेतला. कागदावरचा ठराव गावात का चालत नाही, पालिकेवर कुणाचा दाब असतो, हे झालं राज्यशास्त्र. पुढे वाद कोर्टात गेला; वहिवाट आहे म्हणून अस्पृश्यांना तळ्यावर अडवण्याचा हक्क मिळतो का, हा तिथला एक मुद्दा होता आणि 1937 मध्ये हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पण वहिवाट सिद्ध झाली असती तर ती न्याय्य ठरली असती का? इथून तत्त्वज्ञान सुरू होतं. एकच विषय घेतलात तर यातला अर्धाच भाग हाती लागतो, म्हणून माझा कौल जोडीला.

अभ्यासही वेगळा. राज्यशास्त्रात कलमं, घटनादुरुस्त्या, पक्ष, निवडणुका असं पाठांतर बरंच. पण पंचायत राजची 73वी घटनादुरुस्ती वाचून गावच्या ग्रामसभेत जाऊन बसलं की निम्मं डोक्यात बसतं. तत्त्वज्ञानात पाठ करण्यासारखं कमी आणि अडखळण्यासारखं जास्त. एकेका परिच्छेदावर आठवडा जातो. तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे यांच्यासारख्यांनी मराठीत नितळ लिहून ठेवलंय, तरी शंका विचारायला समोर माणूस लागतोच. राज्यशास्त्राचं बरंचसं घरी वाचून निभावतं.

स्पर्धा परीक्षेचं म्हणाल तर यूपीएससी मुख्य परीक्षेला दोन्ही ऑप्शनल (वैकल्पिक विषय) आहेत, प्रत्येकी 500 गुणांचे. राज्यशास्त्राचा जीएस-2 ला (सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरला) थेट फायदा होतो, पण त्यात आंतरराष्ट्रीय संबंध असल्यामुळे रोजचं वर्तमानपत्र सुटत नाही. तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम आटोपशीर, शिवाय जीएस-4 च्या नीतिशास्त्राला उपयोगी. प्लेटो, हॉब्ज, रॉल्स, आंबेडकर यांच्याशी दोन्हीकडे गाठ पडते, त्यामुळे जोडी घेणाऱ्याची मेहनत दुप्पट होत नाही. नोकरीचं गणित दोन्हींत फार वेगळं नाही. नुसत्या बीएवर कुणी बोलावून घेत नाही. शिकवायचं असेल तर एमए आणि नेट-सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा धरूनच चाला, आणि कॉलेजांत जागा राज्यशास्त्राच्या जास्त.

नव्या शैक्षणिक धोरणातल्या मेजर-मायनरमुळे (मुख्य आणि दुय्यम विषय) जोडी जमवता येते, अर्थात कॉलेजने ती दिली तर. राज्यशास्त्र मेजर, तत्त्वज्ञान मायनर हा बिनधोक मार्ग. पण एसटीने रोज ये-जा होईल एवढ्या अंतरावर तत्त्वज्ञानाचा खरोखर चांगला शिक्षक असेल, तर मी उलटं करायला सांगेन. अर्ज भरण्याआधी ऑफिसात नाही, विभागात जाऊन विचारा: तत्त्वज्ञानाची जागा कायम भरलेली आहे की तासिका तत्त्वावर, मायनरचे तास खरंच होतात का, आणि तिसऱ्या वर्षाला गेल्या वेळी किती मुलं होती.