एक तास, एकच चित्र: ऑनलाइन कला संग्रहालयं वर्षभर शाळेत वापरल्यावर

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कलाशिक्षिका आहे. शाळा मराठी माध्यमाची, आणि सातवी-आठवी मिळून शहात्तर मुलं माझ्याकडे चित्रकलेला. गेल्या जूनमध्ये ठरवलं की दर पंधरवड्याला एक तास ऑनलाइन संग्रहालयासाठी ठेवायचा. प्रोजेक्टर शाळेचा, लॅपटॉप माझा, नेट माझ्याच मोबाइलचं. आता फेब्रुवारी संपत आलाय. ओळखीचे कलाशिक्षक सारखे विचारतात, "खरंच उपयोग होतो का हो?" म्हणून सविस्तर लिहितेय.

उपयोग होतो, आणि भरपूर होतो. पण पहिले दीड महिने मी चुकीच्या पद्धतीनं वापरत होते.

बऱ्याच मोठ्या संग्रहालयांनी आतून फिरून बघायची सोय दिली आहे. बाण दाबत दालनातून दालनात जायचं. मला वाटलं, मुलांना हेच आवडेल. पहिल्या तासाला नुसता गोंगाट. "बाई, पुढं! बाई, त्या दारातनं आत!" पस्तीस मिनिटांत साठेक चित्रं मागं पडली असतील. पुढच्या तासाला म्हटलं, आठवेल ते चित्र काढा. निम्म्या वर्गानं चकचकीत फरशी आणि दार काढलं. काहींनी दालनातला बाक काढला. चित्र कुणालाच आठवेना. तसाच आणखी दोन तास प्रयत्न केला आणि मग ते फिरणं बंद केलं.

ऑगस्टपासून एक तास, एकच चित्र. सुरुवात नेदरलँड्सचा जुना चित्रकार पीटर ब्रूगल याच्या मुलांच्या खेळांच्या चित्रानं केली. १५६० सालचं हे चित्र व्हिएन्नाच्या कला संग्रहालयात आहे. त्या संग्रहालयानं २०१८ मध्ये त्यांच्याकडच्या ब्रूगलच्या चित्रांसाठी 'इनसाइड ब्रूगल' नावाची वेगळी साइट केली, ती फुकट आहे. चित्र इतकं मोठं करता येतं की रंगाला गेलेल्या भेगा दिसतात. इन्फ्रारेड आणि क्ष-किरणांनी घेतलेली छायाचित्रंही शेजारी ठेवून बघता येतात.

चित्रात दोनशेहून जास्त मुलं आहेत आणि ऐंशीच्या आसपास खेळ. मी काहीच सांगितलं नाही. चित्र पडद्यावर लावलं आणि दोन मिनिटं गप्प बसायला सांगितलं. मग डावीकडचा खालचा कोपरा मोठा केला. दोन मुली खाली बसून काहीतरी उडवतायत. मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, "बाई, गजगे!" चित्रातले मेंढीच्या हाडांचे आणि आपले सागरगोट्याचे, एवढाच फरक. मग वर्ग थांबेना. आंधळी कोशिंबीर सापडली, कोलांट्या सापडल्या, लोखंडी कडं पळवणारी पोरं सापडली ("आम्ही टायर पळवतो तसं!"), आणि लग्नाची लुटुपुटूची वरात सापडली. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या, हजारो मैलांवरच्या चित्रात आपल्या अंगणातले खेळ बघून त्यांचे डोळे कसे झाले होते ते मी विसरणार नाही. घरी जाऊन आजीला तिचे खेळ विचारायला सांगितलं. आलेल्या खेळांचं वर्गानं मिळून कार्डशीट जोडून मोठं चित्र केलं, ते अजून जिन्याजवळ लावलंय.

तांत्रिक बाजूचं थोडं सांगते, कारण भीती तिचीच असते. अशा मोठ्या प्रतिमा एकदम उतरत नाहीत. तुकड्या-तुकड्यांत असतात, आणि आपण जो भाग मोठा करू तेवढेच तुकडे येतात. त्यामुळे मोबाइलच्या नेटवरही चालतात. आधी धूसर दिसतं, मग हळूहळू स्पष्ट होतं. तेवढा वेळ मुलं अंदाज बांधत बसतात, तेही चांगलंच. नेट अगदीच जात असेल तर ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची 'राइक्सस्टुडिओ' सोय वापरा. तिथून मोठ्या आकाराच्या प्रतिमा फुकट उतरवता येतात. मी दहा-बारा पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवल्या आहेत. खोलीत अंधार मात्र हवाच. आमच्या खिडक्यांना मी जुन्या चादरी लावते.

पडद्यावर कळत नाही तो आकार. तीनमजली भित्तिचित्र असो की तळहाताएवढं लघुचित्र, पडद्यावर दोन्ही सारखीच. डच चित्रकार रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' (एक कप्तान आणि त्याचं नागरी रक्षक दल यांचं चित्र) दाखवायचं ठरलं तेव्हा हे फार टोचलं. १६४२ सालचं ते चित्र आज जवळपास ३.८ मीटर उंच आणि ४.५ मीटर रुंद आहे. राइक्सम्युझियमनं २०२२ मध्ये त्याची ७१७ अब्ज पिक्सेलची प्रतिमा खुली केली, ८,४३९ फोटो जोडून केलेली. त्यात कप्तानाच्या डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकासुद्धा पडदाभर करता येतो. पण मूळ चित्र केवढं, ते मुलांना कसं सांगायचं? खेळाच्या सरांकडून फक्की मागून घेतली. मैदानावर टेपनं मोजून चौकोन आखला आणि मुलांना आत उभं केलं. १७१५ मध्ये हे चित्र दुसऱ्या इमारतीत हलवताना जागेत बसेना म्हणून चारही बाजूंनी कापलं होतं, सगळ्यात जास्त डावीकडून. त्या कापलेल्या पट्ट्यांसाठी बाहेरून दुसरी रेघ मारली. डावीकडच्या पट्टीत उभा असलेला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे मी आता चित्रात नाही?" मग वर्गात येऊन तेच चित्र परत बघितलं, तेव्हा शांतता वेगळी होती. कप्तानाच्या हाताची सावली शेजारच्या माणसाच्या पिवळ्या कोटावर पडलीय, हे मुलांनीच शोधलं. उजळ कपड्यातल्या मुलीच्या कमरेला लटकलेली कोंबडीही त्यांनीच.

त्याच आठवड्यात व्हर्मीर या डच चित्रकाराची 'दूधवाली' दाखवली आणि तिच्या मापाचा पुठ्ठा कापून हातोहात फिरवला. ४५.५ बाय ४१ सेंटीमीटर फक्त. "एवढंसं?" सगळ्यांचं एकच. मग प्रतिमा मोठी करत गेलो. भिंतीत एक खिळा, त्याची बारीकशी सावली, शेजारी जुन्या खिळ्यांची भोकं. टेबलावरच्या पावावर प्रकाशाचे ठिपके.

याचा परिणाम मला वस्तुचित्रात दिसला. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या सरावाला मुलं वर्षानुवर्षं तांब्या, पेला आणि दोन फळं एका ठरलेल्या वळणानं काढतात. काळी बाह्यरेषा, उजवीकडे सावली, झालं. ऑक्टोबरात आठवीतल्या एका मुलीनं तांब्या काढला, त्याच्या काठाला पोचा होता. मी उठून तांब्या बघितला. खरंच पोचा होता. तो तांब्या मी सहा वर्षं टेबलावर मांडतेय आणि माझ्या लक्षात आला नव्हता.

प्रश्न कसे विचारायचे, यावर सगळं अवलंबून आहे. फिलिप येनावाइन न्यू यॉर्कच्या मोमा या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळत होते. त्यांनी मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांच्याबरोबर तीन प्रश्नांची एक पद्धत बसवली. मी ते प्रश्न आपल्या बोलीत करून घेतले. चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? यातला दुसरा प्रश्न सोडू नका. उत्तर बरोबर की चूक हे सांगायचं नाही, चित्राकडे बोट दाखवायला लावायचं. जी मुलं कधी हात वर करत नाहीत, तीही बोलू लागतात, कारण पुरावा समोर असतो.

थेट कार्यक्रमाचाही एकदा अनुभव घेतला. अमेरिकेतल्या एका संग्रहालयाची मार्गदर्शिका व्हिडिओ कॉलवर मुलांशी बोलणार होती. तिथली सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ साडेसात. खेड्यातली मुलं शेवटच्या एसटीनं गेलेली असतात, म्हणून गावातलीच अकरा मुलं येऊ शकली. पैसे डॉलरमध्ये, शाळेच्या खात्यातून भरता येईनात, शेवटी मी भरले. बाई मनापासून बोलत होती. पण सगळं इंग्रजीत, आणि मी भाषांतर करेपर्यंत ती पुढच्या प्रश्नावर. मुलं लाजून गप्प. मधे दोनदा नेट गेलं. पंचेचाळीस मिनिटांत दोन चित्रं झाली. इंग्रजी माध्यमाच्या आणि वसतिगृह असलेल्या शाळांना हे जमेल. आमच्यासारख्या शाळांनी त्या पैशात चांगला स्पीकर घ्यावा किंवा सहलीला भर घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाषेची अडचण सगळीकडेच आहे. चित्रांची माहिती मराठीत मिळत नाही, म्हणून मी आदल्या रात्री प्रत्येक चित्रावर पानभर टिपण काढते. वर्षभराची अठरा झाली आहेत. या कामाला वेळ लागतो, हे आधीच धरून चाला.

आपल्याकडची सामग्रीही वापरते. केंद्र सरकारच्या संग्रहालयांचं 'म्युझियम्स ऑफ इंडिया' हे पोर्टल आहे. त्यामागचं 'जतन' सॉफ्टवेअर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं केलंय, हे मुलांना सांगितलं की त्यांना विशेष वाटतं. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय गूगल आर्ट्स अँड कल्चर या साइटवर आहेत. पण वर्गात सगळ्यात रंगला तो तास रेम्ब्रांटनं मुघल लघुचित्रांवरून केलेल्या रेखाटनांचा. तशी वीसहून अधिक आज शिल्लक आहेत. त्यातलं शाहजहानचं एक अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे आणि त्यांच्या साइटवर बघता येतं. भारतात कधीही न आलेला चित्रकार आपल्याकडच्या अनाम चित्रकाराची रेषा समजून घ्यायला बसलाय, हे बघून मीच हलून गेले.

जानेवारीत सहल औंधला नेली. यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेतच श्री भवानी संग्रहालय लागतं. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांनी उभं केलेलं. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथं आहेत, आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही. इतक्या वर्षांत मी तिथं बऱ्याच सहली नेल्या आहेत. मुलं दहा मिनिटांत बाहेर येऊन डबे उघडायची. या वेळी पाऊण तास झाला तरी बाहेर येईनात. एक मुलगा रविवर्म्याच्या चित्रासमोर मान तिरकी करून, खाली वाकून, परत उभा राहून बघत होता. मी विचारलं, काय करतोस? म्हणाला, "बाई, इथनं बघितलं की रंग चमकतो, तिथनं नाही. पडद्यावर असं होत नव्हतं." मग सगळ्यांनी रांगेनं वाकून बघितलं. पहारेकऱ्यांनी दोनदा मागं सरायला सांगितलं, पण तेही हसत होते.

औंध आमच्यापासून तासाभरावर आहे. पुढच्या वर्षी ते जानेवारीपर्यंत ठेवणार नाही. जुलैत पाऊस जरा उघडला की पहिली सहल तिथंच, म्हणजे पडद्यावरची चित्रं बघताना खरा रंग कसा दिसतो हे मुलांना आधीच माहीत असेल. मुख्याध्यापकांकडे एसटीच्या गाडीसाठी अर्ज देऊन ठेवलाय. आणि कुणा कलाशिक्षकाला ती अठरा टिपणं हवी असतील तर खुशाल मागा, मी झेरॉक्स पाठवते.