गोव्यातली व्हीलचेअरवाली रूम: पाचपैकी चार स्टार, एक शॉवरच्या कट्ट्यानं खाल्ला

बेळगावकरांना गोवा म्हणजे शेजारचं घर, सकाळी चोर्ला घाटानं निघालं की जेवायला पणजीत, पण घरात व्हीलचेअर असली की हेच गोवा एकदम लांब जातंय. आमच्या आत्याला लहानपणीचा पोलिओ, वय साठीच्या पुढं, हात दणकट, खुर्ची स्वतःच ढकलते आणि कुणी न विचारता मागनं हात लावला की खवळते. हॉटेलकडनं तिची मागणी एकच, बाथरूमला एकटीला जाऊन यायला आलं पाहिजे. एवढीच मागणी आहे आणि ह्याच्यावरच सगळं अडतंय बघा.

बुकिंग ॲपवर व्हीलचेअर ॲक्सेसिबलला टिक मारली की भली मोठी यादी येते, पण त्या टिकेवर अजिबात जाऊ नका. कुणाच्यात लिफ्ट आहे म्हणून टिक, कुणाची रूम तळमजल्यावर आहे म्हणून टिक, बाथरूमचं नाव कुणी काढत नाही. फोन लावला तर रिसेप्शनवरचा पोरगा ठरलेलं बोलणार, "नो प्रॉब्लेम सर, आमची मुलं आहेत ना, उचलून घेतील." आत्या शेजारीच बसून स्पीकरवर ऐकत होती, म्हणाली, "मी काय गॅसचा सिलिंडर आहे काय रे, उचलून न्यायला?" एका ठिकाणच्या फोटोत दाराशी झकास रॅम्प दिसत होता. आता रॅम्पचा हिशोब एकास बारा असतो, म्हणजे सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या असल्या तर अठरा फूट लांब रॅम्प लागतो, ह्यांनी तो पाचेक फुटात उरकलेला. त्यावरनं ट्रॉली बॅग चढेल, खुर्चीतलं माणूस चढणार नाही आणि उतरताना तर तोंडावरच पडेल.

शेवटी कांदोळीच्या बाजूचं एक स्टार हॉटेल घेतलं. स्टार हॉटेल का, तर केंद्राच्या पर्यटन खात्याच्या स्टारच्या नियमांत दिव्यांगांसाठी निदान एक रूम लागतेच, दार एक मीटर रुंद, दारातनं बाहेर बघायचं पीप होल खाली, कपाटाला सरकती दारं, बाथरूममध्ये धरायला बार, असं सगळं त्यात आहे. पण गंमत अशी की ॲपवर ही रूम वेगळी दिसतच नाही, ती डिलक्समध्येच मोडते, आणि तुमच्या आधी कुणी धडधाकट जोडपं आलं की त्यांना देऊन मोकळे. म्हणून ‘सोय आहे काय’ विचारून उपयोग नाही, ‘ती रूम कुठल्या नंबरची आणि आमच्या नावावर लॉक केली काय’ हे विचारायचं आणि मेलवर लिहून घ्यायचं. दर बाकीच्या डिलक्सएवढाच होता.

तिथल्या फ्रंट ऑफिसच्या मॅडमना मात्र पैकीच्या पैकी मार्क. मी दाराची रुंदी विचारली तर त्यांनी हाऊसकीपिंगच्या माणसाला टेप घेऊन पाठवलं आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओच टाकला, दारात टेप धरलेला, इंच स्पष्ट दिसालेत. आमची खुर्ची बाहेरनं सव्वीस इंच, साध्या हॉटेलांत बाथरूमचं दार चोवीस-सत्तावीस असतं, तिथं एकतर खुर्ची अडकते नाहीतर हाताची बोटं सोलतात. इथं आरामात गेली. दार बाहेरच्या बाजूला उघडतंय हेही चांगलं, आत उघडणारं असलं की खुर्ची आत गेल्यावर दार लागतच नाही. बेसिनखाली मोकळी जागा, गुडघे आत जातात. बेड मात्र उंच, हल्ली सगळ्यांना जाड गाद्यांची हौस, आणि खुर्चीची सीट असते विसेक इंचावर, वर चढताना खांदे जातात. सांगितल्यावर वरची जादा गादी काढून दिली, कुरकुर न करता.

स्टार कापला तो शॉवरपाशी. सगळा नियम पाळून शेवटी शॉवरच्या भागाला दोन इंचाचा कट्टा करून ठेवलाय, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. चालणाऱ्याला तो दिसत पण नाही, खुर्चीची पुढची बारकी चाकं मात्र तिथंच थटतात. हँड शॉवर लटकवलाय उभ्या माणसाच्या डोक्यावर, आणि धरायच्या बारवर टॉवेलांची चळत. बसायला प्लॅस्टिकची खुर्ची दिली, ती ओल्या फरशीवर सरकालती, म्हणून वहिनी दाराबाहेर उभी राहायची, आणि आत्याला नेमकं तेच नको होतं. बिल्डर लोकांनी नुसता उतार काढला असता तरी पाणी जाळीकडं गेलं असतं की, कट्टा कशाला?

फॅमिलीवाल्यांनी आणखी एक बघा. ह्या रूममध्ये खुर्ची वळायला पाचेक फूट गोल जागा लागते आणि रात्री एक्स्ट्रा बेड टाकला की तीच जागा जाते, मग रात्री बाथरूमला जायचं तर आधी पोरांना उठवा. आम्ही शेजारची रूम पण मागितली, मिळाली, पण आधीच सांगावं लागतं, नाहीतर बाकीचे वरच्या मजल्यावर.

नाष्टा बरा, रेस्टॉरंटला दोन पायऱ्या आहेत पण बँक्वेटच्या दारानं सपाट वाट निघते, ती वेटरना ठाऊक, गार्डला नाही. सोलकढी पातळ. बीचवर आपली खुर्ची वाळूत रुतते, जाड चाकांची वेगळी लागते, ती ह्यांच्यात नव्हती. २०२३च्या जानेवारीत पणजीत दिव्यांगांचा पर्पल फेस्ट झाला, तेव्हापासनं गोव्यात निदान विचारलेलं कळतंय असं मला वाटतंय. वाटेतल्या बाथरूमचं मात्र काही खरं नाही, घाटाआधीचं जांबोटी गाव सोडलं की आत्या पाणी पिणंच बंद करते.

हॉटेलचं नाव इथं टाकत नाही, आत्याचा हुकूम आहे. तसली रूम त्यांच्यात एकच आणि दिवाळीनंतर तिला परत जायचंय. ज्यांच्या घरात खरोखर खुर्ची आहे त्यांनी मेसेज करा, नाव देतो, व्हिडिओ पण पाठवतो.