हिमालयात अकरा दिवस, परळच्या कपाटात दहा महिने

गेल्या एप्रिलमध्ये हिमाचलातल्या हम्पटा पासच्या ट्रेकसाठी केलेल्या सामानाच्या खरेदीला आता दहा महिने झाले. जूनमध्ये हम्पटा, पावसाळ्यात सह्याद्रीतले चार-पाच ट्रेक, डिसेंबरअखेर उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर. हिशोब केला तर या सामानाने हिमालय पाहिला जेमतेम अकरा दिवस. उरलेला काळ ते परळच्या आमच्या दोन खोल्यांत पडून होतं आणि त्याची जी काही वाट लागली ती तिथेच लागली.

आधी सॅक. देशी कंपनीची, 60 लिटरची. रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघण्यात काही अर्थ नसतो. मी दुकानदाराला दोन तंबू आत कोंबायला लावले आणि वीस मिनिटं दुकानातच फिरले. माझी उंची पाच फूट एक इंच. पहिल्या दोन सॅकचा कमरपट्टा खाली घसरत होता, तिसरीचा हाडावर नीट बसला. तो बसला की खांद्यांवरचा बराच भार कमरेवर उतरतो. दहा महिन्यांत शिवण उसवली नाही, एक चेनही अडकली नाही. पण 60 लिटर ही माझी चूक. जागा दिसली की मी भरत सुटते. हम्पट्याला निघताना काट्यावर 11 किलो भरले, त्यात तीन जीन्स-टॉप ‘प्रवासासाठी’ आणि सासूबाईंचे डिंकाचे लाडू. लाडू दुसऱ्याच मुक्कामाला संपले, जीन्स तशाच घडी केलेल्या परत आल्या. केदारकंठ्याला साडेसात किलोत भागलं आणि काहीही कमी पडलं नाही.

कपड्यांच्या बाबतीत मुंबईची सवय आड येते. इथे घाम आला की सुती बरं वाटतं. डोंगरात सुती बनियन घामाने भिजला की वाळत नाही आणि थांबल्याबरोबर पाठीत थंडी भरते. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. हम्पट्याची खिंड सुमारे 4,270 मीटरवर, म्हणजे नुसत्या उंचीमुळेच समुद्रसपाटीपेक्षा 27-28 अंश कमी, वारा वेगळाच. त्यामुळे चालताना लवकर वाळणारा टी-शर्ट आणि पातळ फ्लीस (लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचं जॅकेट), थांबलं की लगेच पिसं भरलेलं फेदर जॅकेट, झोपताना थर्मल. थर्मल दिवसा घालून चाललात तर रात्री ओलं थर्मल घालून झोपाल, मी एकदा झोपलेय. मोजे मात्र वाट्टेल तेवढे घ्या. हम्पट्याच्या वाटेवर शिया गोरूच्या मुक्कामाला बर्फाचं पाणी ओलांडताना बूट काढावे लागतात. तिथे पट्ट्यांच्या जुन्या सँडल कामी आल्या, पण पलीकडे गेल्यावर कोरडा मोजा चढवण्याचं सुख काही औरच.

सॅकवर चढवायच्या पावसाळी कव्हरवर माझा विश्वास उरलेला नाही. पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच. बाजारात भाजीवाले वापरतात तशी जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत घालून सगळं तिच्यात भरा. ते कव्हर ऑगस्टमध्ये उघडलं तर आतला लेप चिकट झालेला, पापुद्रे निघताहेत. ओलसर गुंडाळून ठेवलं होतं, दोष माझाच.

आता बूट. नवऱ्याचे सहा वर्षांपूर्वीचे बूट खोक्यासकट माळ्यावर होते. पाच-सहा वेळाच घातलेले, अगदी कोरे. जुलैत तो ते घालून कळसूबाईला आला आणि पहिल्या शिडीजवळ उजव्या बुटाचा तळ मगरीच्या जबड्यासारखा उघडला. अर्ध्या तासात डावाही गेला. पट्ट्यांनी बांधून, कसाबसा बारीत उतरला. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतली वाफ त्याला वर्षानुवर्षं आतून पोखरते आणि बूट न वापरता ठेवले तरी तो भुसभुशीत होतो. त्यामुळे ‘सेलमध्ये स्वस्त मिळाले’ म्हणून जुना साठा घेऊ नका, आणि घरचे जुने बूट असतील तर आधी राणीच्या बागेला दोन फेऱ्या मारा. माझे बूट मी महिन्यातून एकदा तरी घालते, मच्छी आणायला गेले तरी. अजून शाबूत आहेत.

सगळ्यात जास्त जीव जळला तो फेदर जॅकेटवर. हम्पट्याहून आल्यावर मी ते त्याच्या इवल्याशा पिशवीत दाबून ठेवलं, कारण जागा नाही. सप्टेंबरात काढलं तर कुबट वास आणि आत पिसांचे गोळे. पिसं फुगून हवा धरतात म्हणून ऊब असते, गोळा झाला की हाती उरतो पातळ रेनकोट. पिसांसाठीचा खास साबण आणला, बादलीत हलक्या हाताने धुतलं, तीन दिवस पंख्याखाली आडवं वाळवलं आणि येता-जाता बोटांनी गोळे फोडत बसले. केदारकंठ्याच्या 3,810 मीटरच्या माथ्यावर पहाटे ते तग धरून राहिलं, पण एप्रिलमधला फुगीरपणा गेला. आता ते सैल उशीच्या अभ्र्यात हँगरला असतं, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्या बदलते. “माझ्या पैठणीचीसुद्धा इतकी बडदास्त नव्हती,” असं सासूबाई म्हणाल्या.

हेडटॉर्चमधले सेल काढून ठेवायचे, एवढंच. स्लीपिंग बॅग विकत घेऊ नका, ती वर भाड्याने मिळते आणि आपल्या माळ्यावर सडत नाही.

सॅक नणंदेला देणार आहे. तिची उंची माझ्याएवढीच, आणि तिला सगळं बरोबर न्यायची हौस माझ्याहून जास्त. मी 45 लिटरची बघतेय.