नवीन डीव्हीडी रायटर: कॅबिनेटमध्ये बसवायचा की युएसबीवाला घ्यायचा?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. घरात लग्नाच्या, बारशाच्या, दशावताराच्या अशा पाच-पन्नास डिस्क पडल्यात आणि त्या एकदाच्या हार्ड डिस्कवर काढून मोकळं व्हायचंय, तर युएसबीवाला बाहेरचा रायटर घ्या. पेटी भरून डिस्क आहेत, निम्म्यांवर ओरखडे आहेत, शिवाय अजून भजनी मंडळाला नायतर शाळेच्या गॅदरिंगच्या डिस्क राइट करून द्यायच्या असतात आणि घरात जुना मोठा डेस्कटॉप चालू स्थितीत आहे, तर मग आत बसणारा साटा रायटर, म्हणजे मदरबोर्डला साटा नावाच्या केबलने थेट जोडायचा.

किमतीवरून ठरवू नका आणि वेगावरून तर मुळीच नको. मी एकच गोष्ट बघतो, नवीन आणलेला ड्राइव्ह चालला नाही तर दोष ड्राइव्हचा की आपल्या कॉम्प्युटरचा हे घरच्या घरी कळतंय का. कारण देवगड नायतर गुहागरच्या बाजूच्या गावातनं एसटी पकडून कणकवली किंवा चिपळूण गाठायचं, दुकानदार स्वतःच्या मशीनला लावून दाखवणार की हा बघा चालतोय, आणि आपण तोच खोका काखेत घेऊन परत, त्यात पावसाळ्याचे दिवस असले तर बघायलाच नको. ऑनलाइन मागवलं तर परत पाठवायची मुदत आपण केबल हलवत बसलोय तेवढ्यात संपते.

या एका बाबतीत बाहेरचा ड्राइव्ह सरळ जिंकतो. चालला नाही तर काढायचा आणि शेजारच्या पोराच्या लॅपटॉपला लावायचा. तिथे चालला म्हणजे आपलं मशीन बघायचं, तिथेही नाही चालला तर ड्राइव्ह किंवा त्याची केबल, संपला विषय. आतला ड्राइव्ह असा उचलून दुसरीकडे लावता येत नाही, त्यासाठी दुसरा उघडा कॅबिनेट लागतो आणि तो आता गावात असतो कुणाकडे.

पण बाहेरच्याचं एक दुखणं आहे ते म्हणजे करंट. हे पातळ ड्राइव्ह सगळा करंट युएसबीतूनच घेतात. युएसबी २.० च्या पोर्टातून नियमाने ५०० मिलिअँपिअर मिळतो, ३.० च्या निळ्या पोर्टातून ९००, आणि डिस्क फिरायला सुरुवात होते तेव्हा किंवा राइट करताना कित्येक ड्राइव्ह ५०० च्या वर ओढतात. मग होतं काय, लाइट लागतो, डिस्क घुंईं करते, विंडोजचा तो टिंग आवाज येतो आणि लगेच उतरता टुंग, परत टिंग, परत टुंग. लोकांना वाटतं ड्राइव्हच खराब आला. बहुतेक वेळा तो कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाला लावलेला असतो, आणि पुढचा पोर्ट म्हणजे आतून एक बारकी वायर मदरबोर्डपर्यंत गेलेली, खाऱ्या हवेत दहा वर्षं राहिलेली. मागच्या पोर्टाला थेट लावून बघा, एक्स्टेंशन नको, हब नको. आणि लावायच्या आधी टॉर्च मारून आत बघून घ्या, आमच्याकडे कुंभारीण माशी कुठल्याही भोकात मातीचं घर करते, तिला युएसबी आणि भिंतीतलं भोक सारखंच. दोन तोंडांची वाय केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावायची, एक शोभेला नसतं.

निळा पोर्ट वेगासाठी लागतो असं दुकानदार सांगतात ते मात्र खोटं. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १.३८५ एमबी, म्हणजे १६एक्सने वाचलं तरी २२ एमबीच्या आसपास, आणि जुना युएसबी २.० तेवढं आरामात देतो. निळा हवा तो करंटसाठी.

आता आतला. याला एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवरच्या डब्यातून, १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट दोन्ही मिळतात, मोटर दमदार, यंत्र जाड, त्यामुळे ओरखडे पडलेली डिस्क हा जास्त चिकाटीने वाचतो असं माझं मत आहे आणि ज्यांच्याकडे दोन्ही आहेत ते पण हेच सांगतात. राइटसुद्धा पातळवाला साधारण ८एक्सने करतो, आतला २२ नायतर २४एक्स पर्यंत जातो, अर्थात तेवढ्या वेगाने राइट करूच नये, ८एक्सच बरा, पण ते असो. आता हे ड्राइव्ह नवे कमी मिळतात, दुकानात बरेचदा जुन्या कॅबिनेटमधून काढून पुसलेलेच हातात देतात, तेव्हा सील आणि बिल दोन्ही बघा. आणि नवीन कॅबिनेट असेल तर आधी पुढून बघा की सव्वापाच इंची जागा आहे तरी का, आजकालच्या काचवाल्या कॅबिनेटांना ती नसतेच. मग प्रश्नच मिटला, बाहेरचा घ्या.

बसवल्यावर तो दिसत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त. यात एक क्रम ठेवा म्हणजे गोंधळ होत नाही. पहिलं, ट्रे उघडतो का? बटण दाबून ट्रे बाहेर येत नसेल तर पॉवरच पोचत नाही, पंधरा पिनवाला रुंद कनेक्टर परत बसवा, बटण बंद करून आणि प्लग काढून अर्थातच. ट्रे उघडतो पण विंडोजमध्ये ड्राइव्ह नाही, तर सात पिनवाली बारकी डेटा केबल. जुन्या केबलींना लोखंडी क्लिप नसते, त्या कॅबिनेट सरळ करताना नुसत्या धक्क्याने सैल होतात, आणि किनाऱ्यावरच्या घरात त्या पिनांवर काळपट थर चढलेला असतो तो वेगळाच. नवीन ड्राइव्हला जुनी केबल लावणं म्हणजे नवीन होडीला कुजका दोर, केबलला पैसे फार पडत नाहीत, सोबतच घ्या.

तरी नाही दिसला तर बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा, तिथे ड्राइव्हचं नाव येतंय का. इथे खरा फाटा फुटतो. बायॉसमध्येच नाही म्हणजे केबल, पोर्ट नायतर ड्राइव्ह, विंडोज फॉरमॅट करून काही उपयोग नाही. पोर्ट बदलून बघा, त्यातही अलीकडच्या कित्येक मदरबोर्डांवर एम डॉट टू नावाच्या चपट्या खाचेत एसएसडी लावली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात, पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि ती पुस्तिका कधीच रद्दीत गेलेली असते. हा घोळ बाहेरच्या ड्राइव्हला नाही. मदरबोर्ड खूपच जुना, रुंद पट्ट्याची ४० पिनवाली केबल असेल तर तिथे साटा ड्राइव्ह बसणारच नाही, त्याला आयडीई म्हणजे साटाच्या आधीच्या जोडणीचा ड्राइव्ह आणि मागचा मास्टर-स्लेव्ह जंपर (एका केबलवरच्या दोन ड्राइव्हमधला पहिला-दुसरा ठरवणारी बारकी टोपी) बघणं आलं, या वाटेला मी तरी कुणाला पाठवणार नाही.

बायॉसमध्ये आहे पण विंडोजमध्ये नाही, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड १९ नायतर ३९, तर ड्राइव्ह बदलायला धावू नका. बरेचदा कधीकाळी टाकलेलं डिस्क राइट करायचं सॉफ्टवेअर काढून टाकलेलं असतं पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, त्याची अपरफिल्टर्स, लोअरफिल्टर्स नावाची दोन शेपटं राहिलेली असतात. सीडी-डीव्हीडीच्या क्लासखालची तेवढीच दोन काढून रिस्टार्ट केलं की ड्राइव्ह येतो, पण रजिस्ट्रीला हात लावायच्या आधी तिचा बॅकअप घ्यायचा आणि माहीत नसेल तर जाणत्या पोराला बसवायचं. काहीच लाल-पिवळं नाही तरी दिसत नाही, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हला ई, एफ असं एखादं मोकळं अक्षर द्या, बाकीच्यांनी अक्षर अडवलेलं असतं. ही दोन्ही दुखणी विंडोजची आहेत, म्हणजे आतला परत करून बाहेरचा आणलात तरी तीच येऊन उभी राहतील. या कारणाने ड्राइव्ह बदलणारे लोक मी बघितलेत, दुकानदार खूश होतो.

स्क्रूचं सांगायचं राहिलं. हा ड्राइव्ह बारीक आट्यांच्या एम-३ स्क्रूवर बसतो, हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू डब्यात पडलेले असतात ते जबरदस्तीने पिळले तर आटे जातात, आणि लांब स्क्रू आत टेकला की ट्रे अर्ध्यावर अडकतो. ट्रे थोडा बाहेर येऊन परत आत जात असेल तर ड्राइव्ह फार आत बसलाय, पुढच्या झाकणाला ट्रे आपटतोय. अडकलाच तर बंद मशीनवर पुढच्या बारक्या भोकात सरळ केलेली पेपर क्लिप घाला, सुरीने उचकटू नका.

आता ड्राइव्ह दिसतो पण डिस्क चालत नाही, हा प्रकार दोघांनाही सारखाच. सीडी चालते आणि डीव्हीडी चालत नाही, किंवा उलट, तर समजा की एक लेझर कमजोर आहे, कारण सीडीला ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीला ६५० चा असे दोन वेगळे लेझर लागतात. नव्या ड्राइव्हमध्ये असं झालं तर वाद न घालता बदलून घ्या, यात केबलचा दोष नाही. तुमची भरलेली डिस्क कोरी दाखवतोय तर बरेचदा ती जिथे राइट केली तिथे शेवटी फायनलाइझ, म्हणजे राइट संपवून बंद, केलेली नसते, ज्या स्टुडिओत केली तिथल्याच मशीनवर चालते. डीव्हीडीतल्या फाइली दिसतात पण पिक्चर लागत नाही, तर विंडोज १० मध्ये डीव्हीडी प्लेअर मुळात येतच नाही, व्हीएलसी नावाचा फुकट प्लेअर टाका. कोऱ्या ४.७ जीबीच्या डिस्कवर ४.३७ जीबीच दाखवतो हा दोषच नाही, मोजायची पद्धत वेगळी. आणि आखातातून कुणी आणलेली कंपनीची डीव्हीडी असेल तर तिचा रीजन, म्हणजे जगाच्या कुठल्या भागासाठी ती विकलीय त्याचा आकडा, २ असतो, आपला भारताचा ५, ड्राइव्ह रीजन बदलायला ५ वेळा देतो आणि मग कायमचा कुलूपबंद, विंडोज फॉरमॅट केलं तरी सुटत नाही कारण ती नोंद ड्राइव्हमध्येच असते. तेव्हा रीजन बदलायचं विचारणाऱ्या खिडकीत उगाच ओके दाबत सुटू नका.

आपल्या कोकणात मात्र बरेच नवीन ड्राइव्ह नापास होतात ते बुरशीमुळे. माळ्यावरच्या डिस्कवर पांढरट जाळं धरलेलं असतं आणि ती तशीच आत ढकलतात. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात गाळ बसलेल्या डिस्कसुद्धा नीट धुतल्यावर चालू शकतात, डिस्क प्लास्टिकची आहे, पाण्याने मरत नाही. कोमट पाणी, दोन थेंब साबण, मऊ कापड, आतून बाहेर सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल नाही. सीडीच्या लेबलच्या बाजूला खरवडायचं नाही कारण सगळा डेटा त्या पातळ लेबलच्या लगेच खाली असतो, डीव्हीडीचा मधल्या थरात असतो म्हणून ती जरा जास्त सोसते. सावलीत वाळवा, अंगणात उन्हात मासळीसारखी पसरू नका. धुतलेली डिस्क जुन्या मोडक्या डीव्हीडी प्लेअरवर आधी फिरवून बघितली तर उत्तम, नव्या ड्राइव्हच्या लेन्सला पहिला घास बुरशीचा नको.

लग्नाच्या व्हीसीडी, म्हणजे सीडीवर व्हिडिओ भरलेल्या जुन्या डिस्क, असतील तर त्यांना वेगळी पेटी करा. व्हीसीडीचा व्हिडिओ ज्या प्रकारे भरलेला असतो त्यात चूक दुरुस्त करायची सोय साध्या डेटा सीडीपेक्षा कमी असते, म्हणून छोटा ओरखडासुद्धा कॉपी थांबवतो. एमपीईजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल ओढून घ्यायची, अडली तर मग आतल्या ड्राइव्हवर. अशा व्हीसीडी शंभरच्या वर असतील तर मला आतलाच घ्यावासा वाटतो, बाकी सगळ्या अडचणी धरूनसुद्धा.

विजेचं काय विचाराल तर इथे पारडं परत बाहेरच्याकडे. डेस्कटॉपवर राइट करताना लाइट गेली की ती डिस्क वाया गेली, युपीएस असला तर ठीक, पण गावात युपीएसची बॅटरी कधीच बसलेली असते, नुसता पिं पिं करतो. लॅपटॉपला लावलेला बाहेरचा ड्राइव्ह बॅटरीवर काम पुरं करतो. आणि काम झालं की तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवता येतो, कॅबिनेटमधला जून ते सप्टेंबर दमट हवेतच बसलेला. फक्त बाहेरचा घेताना केबल सुटी निघणारी बघा, खालच्या खाचेत गुंडाळून ठेवायची जी आखूड पक्की केबल असते ती वळणावर तुटली की अख्खा ड्राइव्ह गेला.

दोन्हीपैकी कुठलाही घ्या, दुकानात जाताना घरातली एक सीडी, एक घरगुती राइट केलेली डीव्हीडी आणि जमलं तर ओरखडा असलेली एक अशा आपल्या डिस्क घेऊन जा आणि बिल करायच्या आधी तिथेच चालवून बघा. दुकानदाराच्या टेबलावरच्या चकचकीत डिस्कवर कुठलाही ड्राइव्ह पास होतो.