आउटबोर्ड इंजिनाचा घरगुती देखभाल संच: इम्पेलर उत्तम, बाकी पाहून घ्यावे

देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी आमची फायबरची लहान होडी आहे आणि तिला यामाहाचे १५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचे, इंजिन बसवलेले आहे. गेल्या हंगामाच्या अखेरीस या इंजिनाच्या मागच्या छिद्रातून पडणारी पाण्याची धार, जी पाहूनच इंजिनाला थंड पाणी पोहोचते आहे की नाही हे कळते, करंगळीएवढी होती ती उदबत्तीच्या काडीएवढी झाली. मे महिन्यात पर्यटकांच्या गर्दीत मेस्त्री वेळेवर मिळणे कठीण असल्यामुळे, होडी ओढून माडाखाली घेतल्यावर जूनमध्ये हे काम स्वतःच करावे असे ठरवले आणि ऑनलाइन दुकानातून ३,२०० रुपयांचा ‘वार्षिक देखभाल संच’ मागवला. असेच संच निरनिराळ्या नावांनी विकले जातात, म्हणून नावापेक्षा आतल्या वस्तूंविषयीच लिहितो.

संचात रबरी इम्पेलर (थंड पाणी खेचणाऱ्या पंपातले पात्यांचे चाक), त्याला शाफ्टवर अडकवून धरणारी अर्धचंद्राकृती चावी, त्याखालची स्टीलची पट्टी, गॅस्केट, दोन स्पार्क प्लग, गियर ऑइलची बाटली, गंजरोधक अ‍ॅनोड (धातूचा तुकडा) आणि इंजिन जमिनीवर धुण्यासाठी दोन रबरी वाट्या होत्या. यांतील इम्पेलरसाठी मी पूर्ण गुण देईन. समुद्राचे पाणी वर खेचणारा पंप खालच्या गियरच्या भागावर, उभ्या शाफ्टभोवती असतो, त्यामुळे तो भाग संपूर्ण उतरवावा लागतो. गियर बदलणाऱ्या दांड्याचा जोड आधी सोडवला नाही तर बोल्ट निघूनही तो भाग हलत नाही, आणि ही गोष्ट संचातल्या माहितीपत्रकात कोठेही सांगितलेली नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या अंगात स्टीलचे बोल्ट खाऱ्या पाण्यात वर्षभर राहिले की मिठाने असे धरतात की, दोन दिवस गंज सोडवणारे तेल मारून आणि हळूहळू ठोकूनच ते सुटले.

जुना इम्पेलर हातात घेतला तेव्हा धार का बारीक झाली हे सांगायला कोणी लागले नाही. संगमावरच्या वाळूने पात्यांच्या कडा झिजल्या होत्या, सर्व पाती एकाच बाजूला कायमची वाकली होती आणि एका पात्याचे टोक तुटलेले होते. तुटलेला तुकडा सापडल्याशिवाय नवा इम्पेलर बसवू नये, कारण तो तुकडा पाण्याच्या वाटेत जाऊन बसला तर नवा पंपही निरुपयोगी ठरतो. आमचा तुकडा, उडदाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, पंपाच्या बाहेर पडणाऱ्या नळीच्या तोंडाशी मिळाला. नव्या इम्पेलरचे रबर लवचीक असून तो चावीवर नेमका बसला. पंपाचे झाकण खाली दाबताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवत राहिले, तर पाती योग्य बाजूला वळतात.

गियर ऑइल ठीक आहे, परंतु बाटलीला पंप नाही. हे तेल खालच्या छिद्रातून भरायचे असते आणि वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरत राहायचे असते, अन्यथा आत हवा अडकते. मी त्यासाठी जुनी मोठी सिरिंज वापरली. आमचे जुने तेल दह्याच्या निवळीसारखे पांढरट निघाले, म्हणजे आत पाणी गेले होते. होडी ढकलणारा पंखा काढल्यावर कारणही दिसले: शाफ्टभोवती तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) गुंडाळून, पाणी आत येऊ न देणाऱ्या सीलपर्यंत थेट शिरला होता. ते सील संचात नाही, तसेच पंख्याचा नट सुटू न देणारी स्प्लिट पिनही नाही. जुनी पिन सरळ करताना मोडली आणि काही रुपयांच्या त्या वस्तूसाठी भर पावसात मालवणला फेरी झाली.

अ‍ॅनोडविषयी मात्र माझी तक्रार आहे. त्याचे कामच इंजिनाऐवजी स्वतः झिजण्याचे, आणि तो चांदीच्या रंगाने रंगवून आला होता! रंगाखाली झाकलेला अ‍ॅनोड पाण्याला लागतच नाही, त्यामुळे तो बसवूनही इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमच खाल्ले जाईल. पॉलिशपेपरने तो सर्व बाजूंनी घासल्यावरच मी बसवला.

रबरी वाट्या कोकणातल्या घरांसाठी नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पाणी घेण्याच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी दाबून नळीने पाणी सोडायचे असते. परंतु घरावरच्या टाकीच्या बेताच्या दाबाने धार आलीच नाही आणि अर्ध्या मिनिटात मला इंजिन बंद करावे लागले, कारण कोरडा फिरणारा इम्पेलर क्षणार्धात जळतो. त्यापेक्षा २०० लिटरचे निळे पिंप बरे. पंखा काढून ठेवून, पंप पाण्याखाली राहील अशा उंचीवर इंजिन लाकडी घोडीला टांगले आणि न्यूट्रलमध्ये हळू चालवले. टू-स्ट्रोकचा धूर व तेल पाण्यातच उतरत असल्याने आणि सुटलेले मीठही तेथेच फिरत राहत असल्याने, पिंपातले पाणी एकदा बदलून घेतले. दुसऱ्या पाण्यात धार पुन्हा करंगळीएवढी झाली, आणि हाताला कोमट लागली.

स्पार्क प्लगविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. कार्ब्युरेटरविषयी माहितीपत्रक गप्प आहे, हे मात्र मला खटकले. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतला दमटपणा ओढून घेते, त्यामुळे चार महिने उभ्या राहणाऱ्या इंजिनात पेट्रोल ठेवणे योग्य नाही. पिंपातल्या अखेरच्या फेरीत टाकीची नळी काढून, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवावे.

पुढच्या वर्षी मी इम्पेलर, चावी, पट्टी आणि गॅस्केट एवढेच सुटे मागवीन आणि त्यांच्यासोबत पंख्याच्या शाफ्टचे सील व अर्धा डझन स्प्लिट पिना घेईन. पाच तारे देण्याची सोय असती तर इम्पेलरला पाच आणि संपूर्ण संचाला तीन दिले असते; ज्यांच्याकडे नळाला चांगला दाब आहे त्यांनी वाट्यांसाठी अर्धा तारा वाढवून घ्यावा.