वरूड-मोर्शी रोडवरचे कुत्रेवाले काका: आमची भिंगरी नऊ दिवस राहिली, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार स्टार. एक काऊन कापला ते पुढे येईलच, पण त्याआधी कुरड्यांची गोष्ट ऐका, ती झाली नसती तर मी काकांच्या दारात गेलीच नसती.

भिंगरी नऊ महिन्यांची. गावठी कुत्री, पिवळसर, एक कान उभा एक पडलेला, शाळेच्या मागे सापडली तेव्हा ओंजळीत मावत होती. मे महिन्यात सासूबाईंनी गच्चीवर दोन जुनी लुगडी अंथरून कुरड्या घातल्या, तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे चारला उठून केलेल्या, आणि संध्याकाळी साडेसहाला ह्या पोट्टीच्या अंगात काय शिरलं देव जाणे, कान मागे, ढुंगण खाली, जिन्यावरून वर, सरळ कुरड्यांमधून, टाकीला वळसा, परत कुरड्यांमधून, खाली अंगण, परत वर. पाच मिनिटं हेच. मग जीभ बाहेर काढून लुगड्यावरच बसली आणि आमच्याकडे अशी पाहून राहिली जसं काही आता आमची पाळी आहे. सासूबाई म्हणाल्या, "एक त हे कुत्रं राहीन नाई त मी राहीन."

आणि आठ दिवसांवर चुलत दिराचं लग्न, अकोल्याला, तिकडूनच माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला, म्हणजे नऊ दिवस घराला कुलूप. दिवाळीत शेजाऱ्यांकडे ठेवली होती तर त्यांनी दिवसभर खुंट्याला बांधली, हिनं दोर कुरतडला आणि भुंकून भुंकून गल्ली जागी ठेवली. नंतर एकदा अमरावतीला एका ठिकाणी दिली, एसी, कॅमेरा, रोजचे ७०० रुपये, फोटो मस्त यायचे, पण परत आली तर आवाज बसलेला आणि दोन दिवस पलंगाखालून निघेना. त्यामुळे ह्या वेळेस कृषी केंद्रात बसलेल्या एका माणसानं सांगितलं की मोर्शी रोडवर संत्र्याच्या वावरात एक काका कुत्रे सांभाळतात, तेव्हा मी काही फार आशा धरून गेली नव्हती.

काका पूर्वी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते, म्हणजे मलमपट्टी करणारे, आता रिटायर. बगीच्याच्या कडेला टिनाचं शेड, भोवती जाळीचं कुंपण, मोठा कडुनिंब, खाली पाण्याची दोन टाकी अर्धी जमिनीत गाडलेली. एका वेळेस चारपेक्षा जास्त कुत्रे घेत नाहीत. रोजचे ३०० रुपये, खाणं त्यांच्याकडचं. भाकर, ताक, एक अंडं, एक दिवस आड उकडलेलं चिकन. हे सगळं काकू करतात पण नाव मात्र काकांचं, हे मला काही पटलं नाही, असो.

पहिल्या दिवशी ते कुत्रं घेतच नाहीत. आधी कार्ड दाखवा म्हणाले. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांची असताना झालेली होती, नंतरचा बूस्टर आम्ही विसरलेलो. "तो द्या, मंग या," इतकंच बोलून गेट लावलं. राग आला, ४४ डिग्रीत पांदण रस्त्यानं स्कूटीवर कुत्रं मांडीत घेऊन आलेली मी. पण विचार केला की बाकीच्या तीन कुत्र्यांचे मालक असंच म्हणतील न, की बिनालसीचं आमच्या कुत्र्याजवळ नको. गेली दवाखान्यात, दिला बूस्टर, दुसऱ्या दिवशी परत गेली. माजावर आलेली कुत्री पण ठेवत नाहीत, हे आधी विचारून घ्या, पहिला माज साधारण सहा ते बारा महिन्यांत कधीही येतो त्यामुळे ह्या वयाच्या कुत्रीची बुकिंग ऐनवेळी फिसकटू शकते.

मग सुरू झाले प्रश्न. मला वाटलं काय खाते, किती खाते विचारतील. पहिला प्रश्न, "झोपते किती?" मी हसली. म्हटलं काका, ही झोपत असती तर तुमच्याकडे कशाला आणली असती. ते काही हसले नाहीत. म्हणाले लहान पिल्लू दिवसाचे १८ तास झोपते, ह्या वयाचं कुत्रंही १४ तासांच्या वर झोपलं पाहिजे, आणि तुमच्या घरी दुकान आहे, शाळेची पोरं येऊन राहिली, टीव्ही सुरू, येणारा जाणारा हिला उठवून राहिला, मंग संध्याकाळी हिचं डोकं चालत नाही. "अवं बाई, तुह्या पोराची झोप झाली नाई त ते काय करते? चिडते, लोळते, चावते. तसंच हे." मला एकदम आमच्या पोराचा बालवाडीतला वेळ आठवला. खरंच की. ती साडेसहाची धावाधाव रोजचीच होती, कुरड्या त्या दिवशी मध्ये आल्या इतकंच. तशी धाव लहान कुत्र्यांत सगळ्यांतच असते, आंघोळीनंतर, संध्याकाळी, अंगातली वाफ निघते, त्यात घाबरण्यासारखं नाही, फक्त जिना बंद ठेवा म्हणाले. एवढं साधं आम्हाला सुचलं नव्हतं.

दुसरं गाऱ्हाणं माझं अंगावर उड्या मारण्याचं. मी दाखवलं आम्ही कसं करतो, दोन्ही हातांनी ढकलतो, "हट, खाली बस" ओरडतो. काका पाहत राहिले आणि मग म्हणाले, "तिले वाटते तुमी कुस्ती खेळून राहिले. हात लावला, बोलले, तोंडाकडे पाह्यलं, तिन्ही गोष्टी भेटल्या तिले, अजून काय पाह्यजे?" त्यांनी स्वतः काय केलं तर पाठ फिरवली, हात बगलेत, कडुनिंबाकडे पाहत उभे. भिंगरीनं चार उड्या मारल्या, पाचवी अर्धीच मारली, मग चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच खाली वाकून कानामागे खाजवलं. मी घड्याळ लावलं नव्हतं पण दोन मिनिटं पण नसतील. हाताला दात लावते त्याचंही तसंच, आमचा पोरगा किंचाळत पळायचा आणि ती त्याच्या पायाला लागायची, काका त्याला म्हणाले झाड होऊन जा. झाडामागे कोणी धावत नाही.

चपला चावते ह्याला मी आतापर्यंत दात येत असतील म्हणून माफ करत होती. काकांनी ओठ वर करून दात मोजल्यासारखे पाहिले. दुधाचे २८ असतात, ते पडून सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात, हिचे आले सगळे, आता हे दाताचं नाही कंटाळ्याचं आहे. त्यावर त्यांचा उपाय मला सगळ्यात आवडला कारण एक रुपया लागत नाही. जुन्या पोत्यात तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, भरायचं, त्यात भाकरीचे तुकडे लपवायचे, तोंड अर्धवट गुंडाळायचं आणि कुत्र्यापुढे टाकायचं. अर्धा तास नाक खुपसून शोधत बसते आणि नंतर आपोआप झोपते. पळवून दमवण्यापेक्षा नाकानं जास्त दमते म्हणे. फिरायला नेताना पण तेच, आम्ही ओढत ओढत चौकापर्यंत नेऊन आणायचो, काका वीस फुटांचा दोर बांधून पहाटे साडेपाचला धुऱ्यानं नेतात आणि जिथे हुंगायला थांबली तिथे हे पण थांबतात, तंबाखू मळत. सात वाजले की सगळे कुत्रे शेडमध्ये, कूलर सुरू, खिडकीला ओलं पोतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंज्याच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळं धापा टाकण्यावर, त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी कुत्रं डांबरी रस्त्यावर नेणारे लोक मला आता दिसले की मी गाडी थांबवून सांगते, लोकं पागल समजतात.

एक प्रसंग लिहिते, तो मी परत घ्यायला गेली तेव्हाचा. तिथे एक मोठा काळा कुत्रा होता, भिंगरी त्याच्याकडे गेली, तो उभा राहिला, शेपूट वर, ताठ, टोक हलून राहिलं. मी म्हटलं, पाहा कसा खूष झाला. काकांनी काही न बोलता भिंगरीला हाक मारून बाजूला घेतलं. मग दाखवलं की अंग बघा, दगडासारखं आहे, तोंड बंद, डोळ्याचा पांढरा भाग दिसून राहिला. शेपूट हलली म्हणजे कुत्रं राजी असं नाही, राजी कुत्र्याचं कमरेपासून मागलं सगळं हलते. आणि भिंगरीनं काय केलं ते मला दिसलंच नव्हतं, तिनं तोंड फिरवलं, जांभई दिली, नाक चाटलं, म्हणजे मी भांडायला नाही आली बावा. तीच जांभई ती घरी पोरानं गळ्याला मिठी मारली की देते. आम्ही तिचे फोटो काढून "झोपाळू भिंगरी" म्हणून स्टेटसला ठेवले आहेत, अकरा फोटो. आणि दोनदा ती गुरगुरली तेव्हा नवऱ्यानं तिला चपलेनं मारलं होतं. हे काकांना सांगितलं तर पहिल्यांदा ते खरंच चिडले, गुरगुरणं म्हणजे ती सांगून राहिली की मागे हो, ते बंद केलं तर उद्या न सांगता चावेल. नवरा बाजूलाच उभा होता, मोबाईल पाहायला लागला.

सगळ्यात जास्त मला लागलं ते हे की माझं काही न ऐकणारी भिंगरी काकांच्या एका "बस" वर बसत होती. मी म्हटलं काका, आमच्यातच काही कमी असेल. ते म्हणाले असं काही नाही, ह्या वयात घरच्यांचंच ऐकत नाहीत, पोट्ट्यांसारखं. मला वाटलं समजूत काढून राहिले. घरी येऊन मोबाईलवर शोधलं तर इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये हेच छापलं आहे, आंधळ्या माणसांना वाट दाखवायला तयार करतात त्या कुत्र्यांवर पाहिलं, पाच महिन्यांची असताना नीट ऐकणारी कुत्री आठ महिन्यांची झाली की सांभाळणाऱ्याचं "बस" ऐकत नाहीत आणि अनोळखी माणसाचं ऐकतात, आणि हे दिवस निघून जातात. काकांनी काही ते वाचलेलं नाही, चाळीस वर्षं ढोरं-कुत्रे पाहिले त्यातून आलेलं. मला त्या रात्री चांगली झोप लागली.

आता तो कापलेला स्टार. काका फोटो पाठवत नाहीत. म्हणजे पाठवतच नाहीत, नऊ दिवसांत एक आला तो पण त्यात भिंगरी नाही, संत्र्याचं झाड आहे. वावरात नेटवर्क येत नाही, दिवसा फोन केला तर "संपर्क क्षेत्राबाहेर", आणि मी लग्नात हळदीच्या वेळेस कोपऱ्यात उभी राहून फोन लावत होती, नणंद म्हणाली पोरगं ठेवून आली का कुत्रं. कॅमेऱ्याची सवय असेल त्यांना हे जड जाईल. दोन गोचीड घेऊन आली, एक कानात एक बोटांच्या मध्ये. काका म्हणाले रोज पाहतो, पण कडुनिंबाखाली गाई पण बसतात, गोचीड राहणारच, ताप आला तर लगेच दवाखान्यात न्या, गोचीडताप वाईट असतो. आला नाही सुदैवानं. आणि शेवटचा दीड किलोमीटर पांदण आहे, पावसाळ्यात कार जाणार नाही, काळी माती आहे, चाक फसलं तर ट्रॅक्टर बोलवावा लागेल. बिबट्याचं भ्या विचाराल तर ह्या पट्ट्यात आहेच, पण रात्री सगळे कुत्रे पक्क्या खोलीत, बाहेरून कडी, काका स्वतः जागलीला दारात खाट टाकून, ह्यात मी त्यांना पूर्ण मार्क देते.

शिवाय काका ओरडतात. कुत्र्यांवर नाही, मालकांवर. आमच्याकडे उरलेली भाजी कांद्यासकट भिंगरीला जायची, त्यावर मला गेटवर सगळ्यांसमोर ऐकवलं, कांदा लसूण कुत्र्याच्या रक्तावर जाते, चॉकलेट आणि द्राक्षं तर अजिबात नाही. बरोबर होतं पण जरा हळू बोलता आलं असतं.

घरी आता जिन्याला फळी लावली आहे, दुपारी एक ते चार दुकानाच्या मागच्या खोलीत अंधार करून तिची झोप, कुटाराचं पोतं रोज. सुधारली का, तर अर्धी. पाहुणे आले की अजून उडी मारते, परवा गॅसवाल्याच्या छातीवर दोन पंजे. सासूबाई मात्र आता तिला बोलत नाहीत, संध्याकाळी ती गोल फिरायला लागली की म्हणतात, "झोप नाई झाली वाटते माह्या बाईची," आणि उरलेल्या कुरड्यांचा डबा फळीवर सरकवून ठेवतात.

बुकिंग करायची असेल तर चार-पाच दिवस आधी करा, पोळ्याच्या दोन दिवसांत काका कोणाचंच कुत्रं घेत नाहीत, बैल येतात वावरात. तिचं अंथरूण न धुता द्या, घरचा वास राहिला पाहिजे म्हणतात. आणि फोन रात्री आठनंतर करा, तेव्हा काका गावातल्या घरी भाकर खायला येतात, रेंज असते. त्यांनी उचलला नाही तर काकू उचलतात आणि खरं सांगू, खाल्लं का, झोपली का हे त्याच नीट सांगतात.