रेस्ट अशुअर्डमध्ये ‘पुन्हा प्रयत्न’ हवा का?

लातूरच्या सोयाबीन भावाची एपीआय (एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) तपासायची असेल, तर जावात रेस्ट अशुअर्डइतकी वाचायला सोपी लायब्ररी क्वचितच मिळेल. गिव्हन, व्हेन, देन या क्रमानं लिहिलेली टेस्ट नवख्यालाही कळते.

एक खाच मात्र आहे. एपीआयचं उत्तर ज्या मजकूर-साच्यात येतं त्या जेसनमधला ४३५०.७५ हा भाव ही लायब्ररी फ्लोट (कमी अचूकतेचा दशांश प्रकार) म्हणून वाचते. तुलना डबलशी (जास्त अचूकतेचा प्रकार) केली की आकडा तोच दिसूनही, प्रकार वेगळे म्हणून टेस्ट पडते. पैशांसाठी जेसन कॉन्फिगमध्ये नंबर रिटर्न टाइप बिग डेसिमल (अचूक दशांश प्रकार) करावा.

आता मुख्य मुद्दा. सर्व्हरनं ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) दिला, तर लायब्ररीनं स्वतःच पुन्हा कॉल करावा, ही सोय मूळ लायब्ररीत घालावी का? आमचं ठाम मत: नको. गेट (फक्त माहिती मागणारी विनंती) पुन्हा केला तर बिघडत नाही; पण शेतकऱ्याची नोंदणी करणारा पोस्ट दोनदा गेला, तर दोन नोंदी होऊ शकतात. शिवाय तिसऱ्या प्रयत्नात पास झालेली टेस्ट हिरवी दिसते आणि खरा दोष झाकला जातो. टेस्टचं कामच तो उघड करणं आहे!

उशिरा तयार होणाऱ्या उत्तरासाठी अवेटिलिटी (अट पुरी होईपर्यंत वाट पाहणारी जावा लायब्ररी) जोडा: कमाल १० सेकंद, दर ५०० मिलिसेकंदांनी तपासणी, अनटिल असर्टेड (तपासणी पास होईपर्यंत). सर्व्हर अजून सुरूच झाला नसेल, तर कनेक्शनचा एक्सेप्शन (जोडणी न झाल्याची चूक) येऊन वाट पाहणं तिथेच थांबतं. तेवढाच एक्सेप्शन इग्नोर करा, सरसकट सगळे नकोत.